चुकीच्या खात्यावर जमा

आजारांतही ऑफिसर ग्रेड आणि क्लार्क ग्रेड असते, हे बँकेत तेवीस वर्षं काढल्यावर माझं ठाम मत झालं आहे. हृदयविकार म्हणजे सरळसरळ जनरल मॅनेजर. त्याचं नुसतं नाव निघालं तरी लोक उभे राहतात, आवाज खाली येतात, शहाळी येतात. मधुमेह आणि रक्तदाब हे शाखाधिकारी. गल्लोगल्ली असतात, पण मान असतो. ‘मला शुगर आहे’ हे वाक्य माणूस लग्नाच्या पंगतीत खणखणीत आवाजात सांगतो आणि वर जिलबी घेतो. मणक्याचे आजार हे युनियनचे पुढारी. ते एकदा बसले की उठत नाहीत आणि त्यांना कोणी उठवूही शकत नाही.

आणि सगळ्यांत खाली, रेकॉर्ड रूमच्या अंधारात, धुळकट फायलींच्या मागे तोंड लपवून बसलेले आजार दोनच. एक मूळव्याध आणि दुसरा हर्निया. यांच्या चौकशीला कोणी फुलं घेऊन येत नाही. आलाच कोणी, तर ‘बसा’ म्हणायची सोय नाही किंवा दाखवायची सोय नाही.

मराठीत हर्नियाला अंतर्गळ म्हणतात. शब्द ऐकला की डॉक्टरपेक्षा प्लंबरला बोलवावंसं वाटतं, आणि तसं पाहिलं तर कल्पना फारशी चुकीची नाही. पोटाची भिंत जांघेपाशी मुळातच थोडी कच्ची असते. मालकाने बांधतानाच तिथे माल कमी वापरलेला असतो, विशेषतः पुरुषांच्या बाबतीत. खोकला, वजनं उचलणं, जोर करणं, नाहीतर नुसतंच वय, यांपैकी काहीतरी निमित्त होतं आणि आतला ऐवज त्या फटीतून बाहेर डोकावू लागतो. पुरुषांत चारांमागे एकाला तरी आयुष्यात कधी ना कधी हा प्रकार होतो म्हणे. आमच्या शाखेत पुरुष आठ. म्हणजे हिशेबाने दोन. त्यातला एक मी, हे गेल्या वर्षी नक्की झालं. दुसरा कोण, याबद्दल बरेच दिवस कोणी काही बोललं नाही.

माझी गाठ उजव्या बाजूला होती. उभा राहिलो की हजर, आडवा झालो की गैरहजर. आमच्या शाखेतला एसी असाच आहे. मेकॅनिक आला की उत्तम चालतो. मी हे बायकोला सांगितलं तेव्हा तिने एसीबद्दल काही विचारलं नाही. ती म्हणाली, “अहो, उद्याच्या उद्या दाखवून या. अण्णांचं विसरलात का?”

विसरणं शक्यच नव्हतं. अण्णा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत शिक्षक. आमच्या घरी मधल्या दाराच्या मागे एक खुंटी होती आणि तिच्यावर एक पट्टा लटकत असे. चामड्याचा, आत लोखंडी पट्टी आणि एका टोकाला लहानशी गादी. मला लहानपणी तो सायकलच्या कुठल्यातरी भागासारखा वाटायचा. पाहुणे येताना दिसले की आई कोणी न सांगता त्याच्यावर टॉवेल टाकायची. घरात त्याचं नाव ‘ते’ एवढंच होतं. “अहो, ‘ते’ घातलंत का?” असं आई विचारायची आणि अण्णा मान हलवायचे. चौदा वर्षं अण्णांनी ‘ते’ घातलं. चौदा वर्षं वर्गात उभं राहून पाढे शिकवले. ऑपरेशन करा असं त्यांना कोणी सांगितलं नाही, कारण हर्निया आहे हेच त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

१९९० साली गणपतीच्या दिवसांत एका रात्री ती गाठ बाहेर आली आणि आत जाईना. मी तेरा वर्षांचा होतो. आरतीच्या तबकातलं निरांजन अजून तेवत होतं आणि अण्णा भिंतीला धरून उभे होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. शेजाऱ्यांच्या रिक्षातून नेलं. पहाटे ऑपरेशन झालं. आतडं फटीत आवळलं गेलं होतं, त्याचा रक्तपुरवठा बंद पडत आला होता, थोडा भाग काढावा लागला. अण्णा वाचले. पण घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय विचारलं असेल? “शाळेत काय सांगितलंस?”

तेव्हा मी दुसऱ्याच दिवशी सर्जनसमोर उभा होतो. या आजाराची तपासणी फार सोपी असते आणि म्हणूनच फार अपमानकारक असते.

“खोका,” सर्जन म्हणाले.

मी खोकलो.

“जोरात खोका.”

मी जोरात खोकलो. सर्जनांनी समाधानाने मान हलवली आणि मागे उभ्या असलेल्या दोन शिकाऊ डॉक्टरांना म्हणाले, “तुम्हीही बघा.” मग मी त्या दोघांसाठी स्वतंत्र खोकलो. एवढ्यात नर्सबाई आत आल्या. त्यांच्यासाठीही खोकायचं की काय असं वाटलं, पण त्या फक्त फाइल न्यायला आल्या होत्या.

निदान झालं, तारीख ठरली. आता रजा. आमचे शाखाधिकारी माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहेत आणि स्वभावाने प्रेमळ आहेत. नेमकी तीच अडचण झाली.

“रजा कशासाठी?”

“ऑपरेशन आहे, साहेब.”

“अरे बापरे! कसलं?”

“पोटाचं.”

“पोटात कुठे?”

“जरा खाली.”

“किती खाली?”

मी काउंटरकडे पाहिलं. महिन्याची पहिली तारीख होती. पेन्शनरांची रांग दारापर्यंत गेली होती आणि एरवी तीनदा ओरडून टोकन नंबर सांगितला तरी ज्यांना ऐकू येत नाही, अशा सर्व मंडळींनी कान टवकारले होते. मी म्हणालो, “साहेब, सर्टिफिकेटमध्ये लिहिलं आहे.” साहेबांनी ते वाचलं आणि प्रेमळपणे, मोठ्याने म्हणाले, “हात्तिच्या! हर्निया होय!” रांगेतून एक आजोबा म्हणाले, “माझा दोनदा झाला. काही नसतं त्यात.”

एवढं माझ्या आजाराचं वजन.

ऑपरेशनच्या दिवशी मला पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली भूल दिली. म्हणजे कमरेखालचा मी झोपलेला आणि कमरेवरचा मी जागा. मधे हिरव्या कापडाचा पडदा. माझ्याच शरीरात चाललेली सभा, आणि मला प्रवेश फक्त गॅलरीतून. डोक्याशी भूल देणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “काका, काही वाटलं तर सांगा.” सत्तेचाळिसाव्या वर्षी कोणी काका म्हटल्यावर जे वाटतं ते सांगण्यासारखं नव्हतं.

वीसेक मिनिटं सगळं सुरळीत चाललं होतं. सर्जन आणि त्यांचे मदतनीस क्रिकेटबद्दल बोलत होते, म्हणजे काळजीचं कारण नव्हतं. आणि मग क्रिकेट एकदम थांबलं. पडद्यापलीकडून सर्जनांचा आवाज आला, “अरे! हे काय आहे इथे?”

वाचकहो, या जगात काही वाक्यं अशी आहेत की ती आपण आडवे असताना ऐकू नयेत. आमच्याकडे ऑडिटर व्हाउचरं चाळता चाळता थांबून हेच म्हणतो, तेव्हा उभ्या माणसाचे पाय लटपटतात. माझे पाय तर आधीच माझ्या ताब्यात नव्हते. तेवढ्या वेळात मी मुलीची फी, फ्लॅटचे उरलेले हप्ते आणि लॉकरची किल्ली कुठे आहे याचा विचार करून टाकला. किल्ली कुठे आहे ते बायकोला माहीत नाही, हे आठवून घाम फुटला. आणि मग निरांजन आठवलं.

“डॉक्टर,” मी पडद्याकडे पाहून म्हणालो, “काय झालं?”

“काही नाही हो. तुमच्या हर्नियात तुमचं अपेंडिक्स आलंय.”

“आलंय म्हणजे?”

“म्हणजे पोटातून बाहेर, या पिशवीत. फिरायला आल्यासारखं.” त्यांच्या आवाजात मला तोवर कधीच न मिळालेला आदर होता. “फार क्वचित दिसतं. एकदम निरोगी आहे. सूज नाही, काही नाही. परत जागेवर ठेवतो आणि जाळी बसवतो.”

बाहेर बायकोला निरोप द्यायला एका शिकाऊ डॉक्टरला पाठवलं. तो धावत गेला आणि म्हणाला, “मॅडम, सरांचं अपेंडिक्स सापडलं!”

बायको म्हणाली, “हरवलं कधी होतं?”

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्जनांनी मला सगळं नीट समजावून सांगितलं. मी पडलो कॉमर्सचा माणूस, तेव्हा मी ते माझ्या भाषेत समजून घेतलं. अपेंडिक्स, शुद्ध मराठीत आंत्रपुच्छ, हे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला, पोटात उजवीकडे खाली लोंबत असतं. त्याचं खातं तिथे. जांघेतल्या हर्नियाच्या पिशवीत साधारणपणे सापडतं ते आतडं नाहीतर चरबीचा पडदा. अपेंडिक्स सापडतं ते शंभर हर्नियांत फार तर एखाद्यात, आणि तेही बहुतेक उजव्या बाजूलाच, कारण घर तिथून जवळ. म्हणजे रक्कम बरोबर, सही बरोबर, तारीख बरोबर, फक्त व्हाउचर भलत्याच खात्यावर जमा. बाहेरून ते बहुधा कळत नाही. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये कधी दिसलं तर दिसतं. एरवी हिशेब उघडल्यावरच सापडतं.

व्हाउचर नुसतंच चुकलेलं असेल तर उलट नोंद करायची आणि मूळ खात्यावर परत पाठवायचं. माझं तसं झालं. पण ते अपेंडिक्स त्या फटीत आवळलं गेलं, सुजलं, तर प्रकरण सस्पेन्स अकाउंटमध्ये जातं. तिथे मग अपेंडिक्स काढावं लागतं आणि जिथे पू झाला त्या जागी शक्यतो जाळी बसवत नाहीत, कारण परक्या वस्तूत जंतूंनी एकदा बिऱ्हाड थाटलं की ते हलत नाहीत. जखम मग रुग्णाच्याच स्नायूंचे टाके घालून बुजवतात. लोसानॉफ आणि बॅसन या सर्जनद्वयाने या हर्नियाचे चार प्रकार पाडून ठेवले आहेत: अपेंडिक्स निरोगी, अपेंडिक्स सुजलेलं, सूज पोटभर पसरलेली, आणि चौथ्यात पोटात दुसरंच काही दुखणं. मी पहिल्या प्रकारात होतो. आयुष्यात मी पहिल्या वर्गात आलो तो एवढाच एकदा.

आणि या हर्नियाला नाव आहे. अमयँडचा हर्निया. हे नाव मी शेजारच्या काकूंना सांगितलं तर त्या बुचकळ्यात पडल्या. “अमय कोण? तुमचा भाचा का? मग त्याचा हर्निया तुम्हाला कसा झाला?”

हा अमय आपल्याकडचा नव्हे. क्लॉडियस अमयँड. मूळचे फ्रेंच प्रॉटेस्टंट. धर्मामुळे त्यांच्या कुटुंबाला देश सोडावा लागला आणि इंग्लंडात येऊन हे गृहस्थ राजे दुसरे जॉर्ज यांचे सर्जन झाले. १७३५ च्या डिसेंबरात लंडनच्या सेंट जॉर्जेस हॉस्पिटलात त्यांच्यापुढे अकरा वर्षांचा एक मुलगा आला. हॅन्विल अँडरसन त्याचं नाव. त्याला लहानपणापासून हर्निया होता आणि आता तिथे एक वाहती जखम झाली होती. अमयँड जखम बरी करायला गेले आणि आत त्यांना अपेंडिक्स सापडलं. त्यात एक टाचणी. पोराने कधीतरी गिळलेली, अपेंडिक्सला भोक पाडून बसलेली, वर खडा धरलेली. अमयँडनी अपेंडिक्स काढून टाकलं. अपेंडिक्स काढून रुग्ण जगल्याची जगातली ही पहिली नोंद. पुढच्याच वर्षी ती रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली.

म्हणजे आपल्याकडे थोरले बाजीराव पेशवे असताना आणि शनिवारवाडा राहायला तयार होऊन जेमतेम चार वर्षं झालेली असताना. मला हे सर्जनांनी सांगितलं तेव्हा आधी फार मौज वाटली. मग रात्री झोप येईना. टाका ओढत होता. आणि मी हिशेब करू लागलो. ईथरची भूल बॉस्टनला सर्वांसमोर दिली गेली ती १८४६ साली. जंतुनाशक वापरून लिस्टरने ऑपरेशनं सुरू केली ती १८६०च्या दशकात. म्हणजे त्या पोराला भूल नव्हती. पडदा नव्हता. ‘काका, काही वाटलं तर सांगा’ म्हणायला डोक्याशी बाई नव्हती. ऑपरेशन जवळजवळ अर्धा तास चाललं. अमयँडनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की पोराला वेदना फार झाल्या आणि आपल्याला श्रम फार पडले, पण पोराने मोठ्या धीराने सोसलं. मी हिरव्या पडद्यामागे, कमरेखाली काहीही न वाटता, केवळ एका वाक्याने लॉकरच्या किल्लीपर्यंत जाऊन आलो होतो. आणि ते अकरा वर्षांचं पोर!

महिन्याभरात तो बरा झाला. घरी पाठवताना त्याला काय दिलं असेल? पट्टा. हर्नियाचा पट्टा.

त्या पट्ट्यापाशी मी बराच वेळ अडलो. लंडनच्या पोराला पट्टा मिळाला, कारण त्या वेळी दुसरं काही देण्यासारखं नव्हतं. त्यानंतर इटलीतल्या बास्सिनी नावाच्या सर्जनांनी हर्निया पक्का शिवण्याची रीत काढली ती १८८०च्या दशकात. म्हणजे अण्णांनी पट्टा घातला तेव्हा उपाय जवळजवळ शंभर वर्षं जुना झाला होता. आमच्या तालुक्याच्या गावापर्यंत तो पोचलाही होता. नाहीतर त्या पहाटे अण्णा वाचले नसते. सर्जरी शंभर वर्षांत इटलीतून आमच्या गावी आली. अण्णांच्या तोंडातून शब्द मात्र चौदा वर्षांत बाहेर आला नाही. ते अंतर जास्त लांबचं होतं.

असो. घरी आल्यावर माझं बढतीचं पर्व सुरू झालं. अपेंडिक्स हे काही साधंसुधं नव्हे. १९०२ साली इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांचा राज्याभिषेक दोन दिवसांवर आला असताना अपेंडिक्सने पुढे ढकलायला लावला होता. २६ जूनचा मुहूर्त ९ ऑगस्टवर गेला. अशा राजमान्य आजाराचा नायक माझ्या क्लार्क ग्रेडच्या हर्नियात सापडला म्हटल्यावर शाखेत माझा भाव वाढला. लोक खास बघायला आले. अडचण एवढीच की, दाखवायला काही नव्हतं.

“काढलं का?” कॅशिअरने विचारलं.

“नाही. परत ठेवलं.”

“परत ठेवलं?” त्याच्या चेहऱ्यावर खोटी नोट सापडून गिऱ्हाइकालाच परत दिल्यासारखा भाव होता.

माझ्या अपेंडिक्सचा फोटो मात्र आहे. सर्जनांनी माझी परवानगी घेऊन काढला आणि एका परिषदेत दाखवला. परिषद पंचतारांकित हॉटेलात होती. माझं अपेंडिक्स तिथे जाऊन आलं. मी अजून गेलेलो नाही. फोटोत चेहरा येणार नाही, ओळख गुप्त राहील, असं त्यांनी मला वचन दिलं होतं. ते त्यांनी इतकं काटेकोर पाळलं की माझी सख्खी आईसुद्धा मला ओळखणार नाही.

मग विम्यावाल्यांचा फोन आला.

“सर, मंजुरी हर्नियाची आहे आणि डिस्चार्ज कार्डवर अपेंडिक्स आहे. अपेंडिक्स काढलं का?”

“नाही.”

“मग ते बिलात का आहे?”

“बिलात नाही. पोटात आहे.”

थोडा वेळ शांतता. मग पलीकडची मुलगी म्हणाली, “सर, पोटात तर सगळ्यांच्याच असतं.” या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. क्लेम पास झाला.

पण खरा चमत्कार पुढेच आहे. माझा आजार दुर्मीळ निघाल्यामुळे त्याच्याबद्दल मोठ्याने बोलायला हरकत उरली नाही. मी चहाच्या वेळी अमयँडची, टाचणीची, बाजीरावांची गोष्ट सांगू लागलो. बोलता बोलता ‘जांघ’ हा शब्द आमच्या शाखेत प्रथमच पूर्ण आवाजात उच्चारला गेला, आणि छत कोसळलं नाही. दोन दिवसांनी कॅशिअर व्हाउचर तपासायच्या निमित्ताने जवळ आला आणि कुजबुजला, “झोपल्यावर आत जाते, ती कोणती म्हणालास?” आठांतला दुसरा तो होता. मग शेजारच्या एलआयसी एजंटाचे सासरे. मग पेन्शनच्या रांगेतले एक जण. त्यांनी खिशातून पासबुक काढल्यासारखा हळूच शर्ट वर केला. आत पट्टा.

सगळ्यांत शेवटी आला आमचा वॉचमन. साठीला टेकलेला, दुष्काळी भागातला माणूस. शटर वर करताना तो एका हाताने जांघ दाबून धरतो, हे मी रोज पाहत होतो आणि ती त्याची लकब समजत होतो. “साहेब,” तो म्हणाला, “सात वर्षं झाली. घरी बी म्हाईत नाही.” मी त्याला त्याच सर्जनांकडे नेलं. खोका म्हटल्यावर तो असा खोकला की बाहेर बसलेले पेशंट उभे राहिले. सरकारी योजनेचे कागद शाखेतल्या सगळ्यांनी मिळून भरले. फॉर्म भरण्यात आमचा हात कोण धरणार? ऑपरेशन सुखरूप झालं.

मी भेटायला गेलो तेव्हा तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी घाबरलो. म्हटलं, “काय झालं? दुखतंय का?”

“दुखत न्हाई, साहेब,” तो ओशाळून म्हणाला. “पन डाक्टरला मी दोनदा इचारलं. माझ्यात नुसतंच आतडं निघालं.”